लव्हाळ्याच्या पट्ट्यावरून जाणारी वाट

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, अविवाहित, नोकरी नगरपालिकेच्या उद्यान विभागात, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी जाग्यावर आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आई सकाळपासून "लग्नाची पत्रिका लिहायच्या वयात ही मृत्युपत्र लिहायला बसली" असे म्हणते आहे, पण तो दबाव नव्हे, ती तिची बोलण्याची पद्धत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कच्चे खर्डे चार झाले, ते फाडले. तुकडे कोणाला सापडल्यास ते धरू नयेत.

हे आत्ताच का, याचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते. शहराच्या खालच्या अंगाला, बस डेपोच्या मागे, एक पाणथळ जागा आहे. तिच्यातला गाळ काढावा, पाणी पुन्हा खेळते व्हावे आणि तिच्या सभोवार लोकांना चालायला वाट व्हावी, यासाठी निधी मिळवायचे काम माझ्याकडे आहे. मी तीन वर्षे अर्ज लिहीत आहे. पहिल्या वर्षी 'जागेवर आढळणारे पक्षी' या रकान्यात मी 'सतरा, पैकी दोन बहुधा तेच' असे लिहिले आणि अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी नवव्या पानावर 'सोबतची सर्व माहिती मी वाचली आहे' असे छापले होते. त्यातली एक पुरवणी मला मिळालीच नव्हती, म्हणून मी सही केली नाही. अर्ज परत आला. यंदा तो मंजूर झाला आहे! पत्र आले तेव्हा मी ते आधी जिन्यात वाचले, मग विभागात, मग पाण्याच्या काठावर जाऊन मोठ्याने वाचले. तिथे एका पाणकोंबडीशिवाय कोणी नव्हते.

मंजुरीला एक अट आहे. वाटेचे वर्तुळ पूर्ण व्हायला हवे, आणि त्या वर्तुळाचा एक तुकडा माझ्या मालकीच्या पट्ट्यावरून जातो. ही बाब मी कार्यालयाला लेखी कळवली आहे, तीन वेळा. मी जिवंत असेपर्यंत वाट खुली राहील असे मी लिहून दिले. त्याखाली रकाना होता: 'मालकाच्या मृत्यूनंतरची व्यवस्था'. मी निधी देणाऱ्या संस्थेच्या तपासनिसांना फोन केला.

"अहो मॅडम, तिथे 'लागू नाही' लिहायचं. सगळे तेच लिहितात."

"मृत्यू लागू नाही, असं कसं लिहू?"

त्यांनी विचारले, "वय काय तुमचं?"

"एकोणतीस."

"बरं. लिहा काय लिहायचं ते. पण सोमवारच्या आत पाठवा."

म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. पट्टा डेपोच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत आहे. रुंदी वीस फूट, लांबी एकशे दहा पावले. ही बाबांची पावले. माझी एकशे चौतीस भरतात. मोजणीचा नकाशा सोबत आहे, तो धरावा. बाबा तिथले लव्हाळे कापून चटया विणत. तरुणपणी न वाचता एका कागदावर अंगठा दिल्यामुळे त्यांचे राहते घर गेले होते. तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा की कोणताही कागद, मग तो विजेच्या बिलाचा का असेना, घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचल्याशिवाय त्यावर कोणी अंगठा द्यायचा नाही. आमच्यात शाळेत गेलेली मी पहिली. सात वर्षांची असल्यापासून वाचणारी मीच. माझा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी शाळेत जावे म्हणून तो विळा घेऊन पाण्यात उतरला. पण वारण्यापूर्वी बाबांनी पट्टा माझ्या नावावर केला. म्हणाले, "जिला वाचता येतं तिला कोणी फसवणार नाही." तो कागदही मीच वाचून दाखवला. दादा ऐकत होता. तेरा वर्षे झाली, त्यावर तो अजून बोललेला नाही.

कलम २. माझ्या पश्चात हा पट्टा दादाला मिळावा. मात्र पुढील अटींवर: (अ) वाट कायम खुली ठेवावी. (आ) वाटेवर दार, साखळी अगर कुंपण घालू नये. (इ) काटेरी फांद्या टाकू नयेत. (ई) वरीलपैकी काही घडल्यास पट्टा नगरपालिकेकडे जावा.

(इ) विषयी खुलासा. गेल्या वर्षी मोजणीवाले आले त्या दिवशी पट्ट्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या पडलेल्या होत्या. वारा नव्हता आणि तिथे बाभूळही नाही. दादा पट्ट्यावर लव्हाळे वाळत घालतो, त्याला जागा जाण्याची भीती वाटली असणार. अर्जात मी लिहिले होते की चटयांचे काम वाटेवरून जाणाऱ्यांना पाहायला मिळेल. हे त्याला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मी काय पिंजऱ्यातला वाघ आहे? पाटीपण लावा, खाऊ घालू नये म्हणून." वहिनी म्हणाली, "घालू देत की. तेवढाच माझा एक स्वयंपाक वाचेल."

कलम ३. बँकेतली शिल्लक आईला. त्यातून तिने गुडघ्यांचे बघावे. पेटीत नुसती जपून ठेवू नये. 'बघू पुढे' असे म्हणू नये. पुढे म्हणजे कधी, हे तिने आजवर सांगितलेले नाही.

कलम ४. बाबांचा विळा, जो सध्या माझ्या टेबलावरच्या खिळ्याला आहे, तो दादाला. त्याला धार फक्त त्यालाच लावता येते. मी लावली तेव्हा बोट कापले होते आणि मी 'पाव कापताना' असे सांगितले होते. ते खोटे होते.

कलम ५. टेबल, दिवा, पंचिंग मशीन आणि तिन्ही अर्जांच्या प्रती दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. नाकारलेले दोन अर्ज तिने आधी वाचावेत, मंजूर झालेला शेवटी. उलट क्रमाने वाचल्यास सगळे सोपे होते असा गैरसमज होईल.

कलम ६. दुर्बीण पक्षीवाल्या बाईंची आहे. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि रोज सकाळी पाण्यावर पक्षी मोजतात. अर्जातला यंदाचा आकडा, चौऱ्याऐंशी, त्यांनी मोजलेला आहे. दुर्बीण मी त्यांना ठेवत नाही, परत करते. दोन वर्षे ठेवून घेतल्याबद्दल क्षमस्व.

कलम ७. माझे गमबूट आमच्या हेडक्लार्कना द्यावेत. त्यांनी तीन वर्षे प्रत्येक फायलीवर पाणथळ जागेला 'डबके' लिहिले आणि मी प्रत्येक वेळी खोडून पुन्हा 'पाणथळ जागा' लिहिले. ते तिथे एकदाही आलेले नाहीत. बूट घालून त्यांनी सकाळी सातला पाण्याच्या काठाशी पाच मिनिटे उभे राहावे, एवढीच माझी इच्छा आहे. त्यानंतरही त्यांना डबके म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. (हरकत आहे. पण तोपर्यंत मी नसेन.)

कलम ८. वाटेवर माझ्या नावाचा बाक बसवू नये. बसवलाच तर त्याला पाठ असावी. बिनपाठीच्या बाकावर आईला बसता येत नाही. उतार चाकाच्या खुर्चीला झेपेल एवढाच ठेवावा. नकाशात तसा आहे, पण कंत्राटदार नकाशा घडी घालून खिशात ठेवतात असा अनुभव आहे.

दुरुस्ती

येथपर्यंत लिहून झाल्यावर, आज दुपारी साडेतीन वाजता, घरच्या नियमाप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वयंपाकघरात वाचून दाखवले. हजर: आई, दादा, वहिनी, भिंगरी, आणि साक्षीदार म्हणून बोलावलेले पक्षीवाल्या बाई व शेजारचे शिंपीकाका. त्यानंतर जे बदल झाले ते का झाले, हे लिहिले नाही तर पुढे कोणी शंका घेईल. म्हणून सगळे लिहिते.

कलम २ वाचताना माझा आवाज बारीक झाला.

"मोठ्याने वाच," दादा म्हणाला.

वाचले.

"परत."

परत वाचले.

"म्हणजे मी फांद्या टाकल्या तर पट्टा जाणार."

"हो."

"आणि आधी एकदा टाकल्या, असं लिहिलंयस."

"तू टाकल्यास असं लिहिलेलं नाही. पडलेल्या होत्या, असं लिहिलंय."

"मीच टाकल्या. आणि दोनदा टाकल्या. दुसऱ्यांदा तू यायच्या आत उचलल्या, मलाच लाज वाटली. ते दुरुस्त कर. कागदात खोटं नको."

आईने कपाळावर हात मारला. "एकाच माळेचे मणी! एक मरणाआधी कागद करते, दुसरा त्यात स्वतःचे गुन्हे वाढवून घेतो."

शिंपीकाका हसले. मी 'दोनदा' असे समासात लिहिले.

मग दादाने विचारले, "माझ्या वाळवणाचं काय?"

"ते आहे. वाट आठ फूट, उरलेल्या बारा फुटांत वाळवण. लव्हाळे कापणाऱ्यांसाठी ती जागा कायम ठेवू, असं नगरपालिकेने लिहून दिलंय. अर्जाचं पान एकतीस."

"यात कुठे आहे?"

मी कलम २ वरून खालपर्यंत पाहिले. अ, आ, इ, ई. यात नव्हते. चार खर्डे केले, प्रत्येक शब्द तपासला, आणि अटी सगळ्या दादाच्या माथी मारून त्याच्या बाजूची एकही ओळ लिहिली नव्हती.

"नाहीये," मी म्हटले. "चुकलं माझं."

"शाळा शिकलीस ना तू?" दादा म्हणाला, पण तो हसत होता. "अगं, मला पट्टा नको होता. बाबांनी तुझ्या नावावर केला, बरोबरच केलं. माझ्या हातात राहिला असता तर पहिल्या गोड बोलणाऱ्याला अंगठा देऊन बसलो असतो. पण मला आधी विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही, तूपण नाही विचारलंस. दोघांनी नुसतं वाचून दाखवलं."

भिंगरीसुद्धा एका जागी होती.

"दादा, आता विचारते," मी म्हटले. "पट्ट्याचं काय करू?"

तो उठला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. खाली ठेवून म्हणाला, "वाटेला देऊन टाक. वाळवण पान एकतीसप्रमाणे. आणि काका, तुम्ही जरा त्या स्टुलावर बसा. इथे साक्षीदार मी होणार."

"अरे, साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही," मी सांगितले. "तुलाही नाही, वहिनीलाही नाही. सही केलीस की कलम २ मधला तुझा हक्क गेला. नीट विचार कर."

"साक्षीदार म्हणजे ज्याच्या समोर, ज्याला धरून केलं, तोच ना?"

"हो."

"मग तेच पाहिजे मला."

"आणि विळा?" वहिनीने विचारले. तिचे बारीकसारीक लक्ष असते.

विळा कलम ४ मध्ये होता, म्हणजे तोही गेला. मी उठले, खिळ्यावरून काढला आणि दादाच्या हातात दिला. पक्षीवाल्या बाईंनी घड्याळ पाहून सांगितले, "चार वाजून दहा मिनिटं. दिलेला मी पाहिला." त्यामुळे विळा आता माझ्या मालमत्तेत नाही. दादाने अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाला, "पाव कापताना म्हणे!"

सबब, कलम २ आणि कलम ४ रद्द. त्यांच्या जागी: माझ्या पश्चात पट्टा नगरपालिकेला, केवळ चालण्याच्या वाटेसाठी. ती कायम सर्वांना खुली असावी आणि अर्जाच्या पान एकतीसवरील कबुली नगरपालिकेने पाळावी. पट्टा विकता, भाड्याने देता अगर बांधून काढता येणार नाही. हे माझ्या भावाला विचारून ठरवले आहे.

बाकीची कलमे तशीच राहतील. हेडक्लार्कांविषयीचे कलम काढावे असे आईचे मत पडले; इतरांचे राहू द्यावे असे पडले. राहिले.

सहीची वेळ आली तेव्हा मी शाईची डबी दादापुढे सरकवली. त्याने ती परत माझ्याकडे सरकवली आणि भिंगरीकडे हात केला. तिने दप्तरातून पेन काढून दिले. मला माहीत नव्हते. आईला नव्हते, वहिनीला नव्हते. सुट्टीभर दोघे पट्ट्यावर बसून, वाळत घातलेल्या लव्हाळ्यांच्या आड, तिच्या जुन्या वहीत त्याचे नाव गिरवत होते. तो लिहीत असताना वहिनी चुलीसमोर पाठ करून उभी राहिली आणि तिने डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला. लिहायला त्याला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

हे मृत्युपत्र एकूण सहा पानांचे असून प्रत्येक पान वाचून दाखवलेले आहे. समासातली दुरुस्ती एक.

लिहून देणार: मी, उद्यान विभागातली अर्ज लिहिणारी (सही)

साक्षीदार एक: माझा दादा, चटया विणणारा (सही)

साक्षीदार दोन: पक्षीवाल्या बाई, निवृत्त परिचारिका (सही, समासात)

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
तारीख: १२ ऑक्टोबर, शुक्रवार

टीप: साक्षीदार एक यांच्या सहीने दोन्ही साक्षीदारांची जागा व्यापली आहे, म्हणून साक्षीदार दोन यांनी समासात सही केली. साक्षीदार एक यांची सही म्हणजे खाडाखोड नाही. ती पूर्ण सही आहे, आणि ती आम्हा सर्वांच्या समोर झाली.