पितृपक्षात आलेला इशारा

बोईसर, मंगळवार, संध्याकाळ

आजपासून कारखाना बंद. कच्चा माल आणणारं जहाज युद्धामुळे लांबच्या वळशाने येतंय आणि साहेब बैठकीत म्हणतात, "युद्ध काय सांगून येतं का?"

सांगूनच आलं होतं. जगात कुठे काय पेटणार याचा अंदाज देणारी आमची प्रणाली मीच बघते. तो समुद्रमार्ग धोक्यात आहे, हे मी वेळेत कळवलं. गुजरातमधला दुसरा पुरवठादारही शोधला. तेव्हा साहेब म्हणाले, "पितृपक्ष चाललाय, नवा व्यवहार नको." पितृपक्ष! युद्ध त्यासाठी थांबणार होतं का?

फाटकाशी इथल्याच माहीम गावची सुशीलाताई भेटली. ठेक्यावर पॅकिंग करते. काम बंद की मजुरी बंद.

"मॅडम, तुमाला आदीच म्हायत होता?"

"हो. साहेबांनाही."

"मंग आमालाच का नाय सांगितला? चिकूच्या वाडीतला काम धरला असता मी. आता तिथं दुसरी बाय लागली."

इशारा फक्त साहेबांना पाठवायचा, असा नियम. का पाळते मी तो? पितृपक्ष पाळणाऱ्यांसाठी?

पुढचा इशारा फाटकावरच्या फळ्यावर लिहीन. पुसायचा तर साहेबांनी पुसावा, सगळ्यांसमोर.