ओळीतलं सहावं घर

लातूर, ६ मार्च १९८३

ती. दादास,
पंचशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

घर मिळालं एकदाचं. नवा जिल्हा झाल्यापासून इथं इतके साहेब-बाबू येऊन पडलेत की घरमालकांचे पाय जमिनीला लागत न्हाईत. स्वतंत्र घर बघायला जावं तर भाडं सांगायच्या आधी नाव विचारतात आणि नाव ऐकलं की घर उभ्या उभ्या भरतं. एका बाईनं माझ्यादेखत दाराला कुलूप लावलं आणि आत पाहुणे उतरलेत म्हणून सांगितलं. कुलूपबंद पाहुणे! ब्लॉक बघितला, तर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत न्हाई. तुमच्या भाचीनं, विशाखानं, शाळा सोडून घागरी वाहायच्या का?

शेवटी ओळीचं घर घेतलं. याला रो-हाऊस म्हणतात. सहा घरं एकमेकांना चिकटून. भिंत शेजाऱ्याची आणि आपली एकच, पण दार आपलं, मागचं हातभर अंगण आपलं, डोक्यावर कुणी चालत न्हाई. आपलं घर सहावं. मालक दत्तोपंत पहिल्यात राहतात, वकिलाकडं जन्मभर कारकुनी केलेले. सहाव्या घराला पश्चिमेचं ऊन आणि नाल्याचा वास, म्हणून चार महिने ते कुणी घेतलं नव्हतं. तेवढ्यापुरतं माझं नाव त्यांना चाललं.

हे निलंगा डेपोत कंडक्टर, आठवड्यातून एकदा येतात. कस्तुरावहिनींना जयभीम सांगा. आहे ती माया तशीच राहू द्या.

तुमची,
पंचशीला

मुखेड, १५ मार्च १९८३

चि. सौ. पंचशीला हिस,
जयभीम व अ. आ. वि. वि.

तुझं पत्र कस्तुराला वाचून दाखवलं. म्हटलं, आपली पंचशीला चाळीत राहायला गेली आणि चाळीचं नाव मात्र इंग्रजी आहे. अगं, ह्याला घर म्हणतात का? शेजारी ठसकला की आपल्या फळीवरचं भांडं हलायचं. मी हेडमास्तर माणूस, बाकावर खेटून बसलेली पोरं रोज बघतो. पहिल्यानं ढकललं की सहावा खाली पडतो. तुझ्या ओळीत सहावं कोण, ते तुला ठाऊक हाय.

दत्तोपंतांनी उपकार केले असं मनात आणू नको. कुणी फुकट घेईना ते घर तुझ्या गळ्यात मारलं. बिलोलीला तहसिलीत टंकलेखकाची जागा रिकामी हाय. बदली माग आणि आपल्या माणसांत ये. नव्या जिल्ह्याची हौस पुरे झाली.

उद्धवराव दाजींना जयभीम. रागावून का होईना, उत्तर धाड.

तुझा दादा,
साहेबराव

लातूर, २२ एप्रिल १९८३

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

इथं विहिरींनी तळ दाखवलाय. आमच्या ओळीला मिळून एकच हौद, तो सोमवारी आणि गुरुवारी टँकरनं भरतो. कलेक्टर कचेरीतल्या आमच्या टंचाई शाखेत टँकरची यादी मीच टाईप करते, त्यामुळं माझी वेळ चुकत न्हाई.

काल सकाळी पाचव्या घरातल्या चंद्रप्रभाबाई दारात आल्या. दत्तोपंतांकडं बैठक झाली म्हणाल्या. पाच घरं बैठकीला, सहावं फक्त निकाल ऐकायला. ठरलं असं की मी माझी भांडी पायरीवर ठेवायची, कुणीतरी वरून भरून देईल. माझी बादली हौदात जाऊ नये. वर गोड हसून म्हणाल्या, तेवढेच तुमचे कष्ट वाचतील. इतकी दयाळू माणसं मी मुखेडात कधी बघितली न्हाईत. सगळी शिकलेली आहेत बरं. चंद्रप्रभाबाईंचे यजमान तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवतात.

मी बादली उचलली, त्यांच्यादेखत हौदात सोडली आणि काठोकाठ भरून घेतली. कालपासून हौदाला कुणी हात लावला न्हाई. पाचही घरं सायकलीवर कुठून कुठून घागरी आणून राहिलीत.

काळजी करू नका. केली तरी लोभात कसर नको.

पंचशीला

मुखेड, २६ एप्रिल १९८३

चि. पंचशीलास,
जयभीम व अ. आ. वि. वि.

काळजी कशाला करू? यादी तुझ्या हातात हाय. त्या ओळीचं नाव गाळून टाक. टाईप करताना एखादी ओळ सुटते, त्यात कुणाची नोकरी जात न्हाई. आठ दिवस घसा सुकू दे त्या नागरिकशास्त्राचा. असल्यांना दुसरी भाषा कळत न्हाई. विशाखाला इकडं धाडून दे आणि मी सांगतो तेवढं कर.

साहेबराव

लातूर, ३ मे १९८३

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी मी यादी टाईप केली. ओळीचं नाव जिथं होतं तिथंच आहे. दुसऱ्याचं पाणी तोडायचं हे त्यांचं काम, ते मी का शिकू?

त्याच्या आधीच्या शनिवारी, बादलीनंतर दोन दिवसांनी, दत्तोपंत आले होते. आठ दिवसांत घर सोडा, पुतण्या येतोय, म्हणाले. मी म्हटलं, लेखी द्या, आणि खरं कारण लिहून खाली सही करा, मी स्वतः साहेबांपुढं ठेवते. कागद दिला. त्यांनी तारीख घातली, माझं नाव सौ. लावून लिहिलं, आपणास कळविण्यात येते की, इथवर आले आणि थांबले. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिलेला माणूस, दादा, पुढचा शब्द सापडेना. कपाळावर घाम आला. पाणी मागितलं. मी तांब्या-पेला पुढं ठेवला, तेव्हा कुणाच्या घरात मागितलं ते त्यांना आठवलं. पेला तसाच, कागद तसाच, पंत चालते झाले. परत विषय काढला न्हाई.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, चंद्रप्रभाबाई कळशी घेऊन हौदावर आल्या. सगळ्यांकडं पाठ करून भरली. दुपारपर्यंत पाचही घरं येऊन गेली. तीन दिवस टिकला त्यांचा धर्म. सोमवारी टँकर यायचाच होता. आणखी एक दिवस थांबले असते तर मला थोडा तरी आदर वाटला असता. माफी कुणी मागितली न्हाई, आणि मला ती नको. मी इथंच राहणार आहे.

तुमच्या शब्दाबाहेर गेले. तेवढं पोटात घाला.

पंचशीला

मुखेड, ९ मे १९८३

चि. सौ. पंचशीला हिस,
जयभीम व अ. आ. वि. वि.

तुला कधी सांगितलं न्हाई ते लिहितो. बहात्तरच्या दुष्काळात बिलोलीच्या रस्त्याच्या कामावर मला हजेरी घ्यायला नेमलं होतं. तिथं आपल्या लोकांना पाणी वरून ओतायचे. मी तिथला साहेब. हजेरीचं पुस्तक माझ्या बगलेत, मी खूण केल्याशिवाय कुणाचा दिवस भरत नव्हता. तरी पाण्याची वेळ झाली की पुस्तक बगलेत दाबून मी वाकायचो आणि ओंजळ धरायचो. आई माझ्या मागं उभी असायची. नाव गाळ असं तुला लिहिलं तेव्हा मला दत्तोपंत दिसत नव्हते, ती ओंजळ दिसत होती.

येत्या रविवारच्या पहिल्या गाडीनं मी आणि कस्तुरा येऊन राहिलो. सोमवारी टँकर येऊन गेला की बादली माझ्याकडं दे. तू घरातच थांब. मला हौदावर एकट्याला जायचं हाय.

वयानं मोठा म्हणून आशीर्वाद धाडतो. लोभ या खेपेला तू ठेव.

तुझा दादा,
साहेबराव