ज्येष्ठतेनुसार वीजपुरवठा

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. ती कोणाच्याही वाचनासाठी नाही. भावी चरित्रकारांनी आधी परवानगी घ्यावी.

आज स्नानसमयी घरातील वीज गेली. गीझर, इस्त्री आणि सौभाग्यवतींचा नवा ओव्हन एकाच वेळी चालू होते. मेन स्विच खटकन पडला. मी साबणासह अंधारात. कन्या बाहेरून ओरडली, "आई, बाबा आत आहेत, ओव्हन बंद कर!" स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "केक आत आहे, बाबांना बाहेर काढ!"

या घरातील प्राधान्यक्रम बिघडला आहे.

त्याच दिवशी. दुपार.
पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. कोपऱ्यावरच्या कॅफेच्या मालकाने हिला सांगितले आहे की नमुन्याचा केक पसंत पडला तर रोजची ऑर्डर पक्की. ही नोकरी सुटल्यापासून प्रथमच गुणगुणताना आढळते. अडचण एकच, घराला मंजूर वीजभार अपुरा. भार वाढवून मिळावा म्हणून हिने रीतसर अर्ज केला आहे. तो वीज कंपनीच्या भारमंजुरी शाखेत, हेडक्लार्कच्या टेबलावर प्रलंबित आहे. हेडक्लार्क मी.

ही म्हणाली, "अहो, तुमच्याच टेबलावर आहे ना? मग वरती घ्या की!"

मी शांतपणे सांगितले की अर्ज क्रमानेच हलतात. पत्नी झाली म्हणून काय झाले? ही म्हणाली, "काहीच झालं नाही. तेच तर दुःख आहे."

संकल्प: समस्येचे निराकरण अर्जाने नव्हे, आविष्काराने करीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
कार्यालय. धाकट्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. (वयाने आणि नोकरीने माझ्याहून धाकटे, म्हणून हे नाव. फाइलला भोक कुठे पाडावे, हे मी त्यांना शिकवले. पुढे ते 'गुणवत्तेवर' बढती घेऊन साहेब झाले. मी भोकेच पाडत राहिलो.) ते मला अजून 'गुरुजी' म्हणतात. दक्षिणा म्हणून जास्तीचे काम देतात.

परत येताना जिन्यात साक्षात्कार झाला. घरातील उपकरणे भांडतात, कारण त्यांच्यात सेवाज्येष्ठता नाही! काल आलेला ओव्हन आणि लग्नापासून राबणारा टेबलफॅन यांना समान वीज? हा अन्याय मी कार्यालयात सोसला. घरात सोसणार नाही.

यंत्राचे नाव: ज्येष्ठतानुक्रमी अर्धवाहकीय विद्युद्विभाजक. व्यवहारात 'विभाजक'.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. थायरिस्टर घेतले, म्हणजे अर्धवाहकाचे स्विच. अर्धवाहक म्हणजे सेमीकंडक्टर हा पदार्थ मला फार आवडला. वरून इशारा आला तर वीज पुढे सोडतो, नाही तर ढिम्म बसून राहतो. आमच्या शाखेत याला तत्काळ कायम केले असते.

दुकानदाराने विचारले, "कशासाठी पाहिजेत?" मी म्हटले, "न्यायदानासाठी." त्याने पिशवी न मागता दिली.

९ फेब्रुवारी, रविवार.
जुळणी चालू. पेटी म्हणून बिस्किटांचा रिकामा चौकोनी डबा. थायरिस्टर तापतात, म्हणून ते झाकणाला आतून घट्ट बसवले. झाकणच उष्णता बाहेर टाकील. डब्याला अर्थिंग दिले. त्याआधी एकदा डब्याने मला दिले.

कन्येने विचारले की बाबांचे केस नेहमीच असे उभे असतात का. दुर्लक्ष केले. संशोधकाला केस असतात हेच पुष्कळ.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
विभाजक मेन स्विचजवळच्या फळीवर विराजमान. ज्येष्ठता यादी खरेदीच्या तारखेनुसार, निःपक्षपातीपणे केली. प्रथम दारावरची बेल (घराबरोबरच आली). नंतर टेबलफॅन, रेडिओ, फ्रिज, इस्त्री, गीझर, मिक्सर. सर्वात कनिष्ठ ओव्हन, परिवीक्षाधीन. कन्येने विचारले, "माझा चार्जर?" तो कंत्राटी आहे.

मुख्य नियम: ज्येष्ठ उपकरण कामावर आले की कनिष्ठाने आदराने थांबावे. ज्येष्ठाचे काम झाल्यावरही काही मिनिटे थांबावे. यास मी 'आदरकाल' म्हणतो. साहेब केबिनबाहेर पडले तरी आपण लगेच बसत नाही, त्यातलाच प्रकार.

चाचणी यशस्वी. फॅन लावताच मिक्सर नम्रपणे बंद पडला. ही म्हणाली, "अहो, त्यात चटणी आहे." मी म्हटले, "शिस्त आहे."

१५ फेब्रुवारी, शनिवार.
हिने विभाजकाच्या झाकणावर पावासाठी मळलेल्या पिठाचे पातेले ठेवले! म्हणे, झाकण छान कोमट असते, पीठ फुगते. वर म्हणाली, "या डबड्याचा निदान एक तरी उपयोग सापडला."

अपमान गिळला. पुढे एटंटमध्ये 'आनुषंगिक लाभ' म्हणून दाखवता येईल. पेटंटच्या अर्जाचा मसुदा मनात तयार आहे. फक्त 'पेटंट' हा शब्द वर चुकीचा पडला आहे. उत्तेजित मनःस्थितीचा पुरावा म्हणून तो तसाच ठेवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
नमुन्याच्या केकचा दिवस. म्हणून मुद्दाम रजा घेतली.

सकाळी केक ओव्हनमध्ये. फॅन, रेडिओ, इस्त्री, सर्व ज्येष्ठ मी स्वतः विनंतीपूर्वक बंद ठेवले. फ्रिजचा प्लगही काढला. केक फुगू लागला. ही काचेतून पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. दोन्ही दृश्ये आशादायक.

बेल वाजली. कुरियर. बेल सर्वात ज्येष्ठ! ओव्हन आदराने थांबला. आदरकाल संपून तो तापतो न तापतो तोच शेजारच्या काकू, "काय छान वास येतोय" म्हणायला. पुन्हा आदर. ही दारात पळाली, "काकू, बेल नका वाजवू!" काकूंनी विचारले, "काय?" आणि सवयीने पुन्हा वाजवली.

मग कॅफेचा माणूस केक न्यायला आला. आम्ही दोघे ओव्हनपाशी, दार उघडायला कोणी नाही. सभ्य गृहस्थ. थोड्या थोड्या वेळाने, अत्यंत आदराने, तो बेल वाजवीत राहिला.

केक मधोमध बसला. त्यात वाटीभर पाणी राहिले असते.

तांत्रिक निष्कर्ष: विभाजक एकदाही चुकला नाही.
हा निष्कर्ष हिला ऐकवला. ऐकवायला नको होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
घरात शांतता. कॅफेच्या मालकाने आणखी एक संधी दिली आहे, परवाची. शेवटची. हे मला कन्येकडून कळले. हिच्या गुणगुणण्याचा आदरकाल चालू असावा.

जेवताना मी सुचवले की बेलला सेवानिवृत्त करता येईल. ही म्हणाली, "काही करू नका. हात जोडते. तुम्ही ऑफिसला जा." माझ्या आविष्कारावरचा हा विश्वास हृदयस्पर्शी वाटला.

संध्याकाळी परतलो तर फळीवर स्क्रू-ड्रायव्हर विसरलेला. कन्या म्हणाली, "वायरमन येऊन गेला. बाथरूमचा दिवा बघायला." बाथरूमचा दिवा उत्तम चालतो हे मी तपासले. चांगला वायरमन दिसतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
विजय! विजय! केक उत्तम झाला. बेल दोनदा वाजली, ओव्हन ढळला नाही. कॅफेचा मालक खूश. आता आठवडाभर रोज पाठवून पाहायचे, मग कायमची ऑर्डर.

विभाजकात मी काहीही बदल केला नव्हता. अर्थ उघड आहे. यंत्र परिपक्व झाले. कनिष्ठाची गुणवत्ता ओळखण्याचा समंजसपणा त्यात आपोआप आला. असा समंजसपणा वीज कंपनीत यायला किती वर्षे लागतील कोण जाणे. (नंतर लक्षात आले की धाकट्या साहेबांच्या बाबतीत तो आधीच आला होता. हे वाक्य खोडावे.)

२३ फेब्रुवारी, रविवार.
अद्भुत निरीक्षण. विभाजकाचे झाकण आता मुळीच तापत नाही! चार वेळा हात लावून पाहिला. थंडगार.

जगातील यच्चयावत विद्युत्-यंत्रे तापतात, कारण वीज वाया जाते. माझे तापत नाही. म्हणजे वाया जाणारी वीज शून्य. म्हणजे कार्यक्षमता शंभर टक्के. निसर्गनियमांना हे मान्य नाही असे ऐकून आहे. त्यांनी फेरविचार करावा.

हिची मात्र तक्रार, "हल्ली मेलं गार असतं. पीठ फुगत नाही." आणि लगेच ओठ चावला. शास्त्रीय क्रांतीची सौभाग्यवतींना जाणीव होत असावी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.
धाकट्या साहेबांना सर्व सांगितले. म्हणाले, "शंभर टक्के? गुरुजी, नक्की?" मी म्हटले, प्रत्यक्ष पाहा. रविवारी घरी येतात. पसंत पडले तर वरिष्ठांपुढे मांडतील. माझी अडकलेली बढती या डब्यातून बाहेर पडेल असा रंग दिसतो.

घरी सांगताच हिच्या हातातला चमचा पडला. "घरी कशाला? फोटो दाखवा की." मी हसलो. मग म्हणाली, "अहो, जरा ऐका. तुम्हाला एक सांगायचंय त्या डब्याबद्दल..." मी प्रेमाने थांबवले. स्तुती समारंभात शोभते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
भाषण पाठ. "अज्ञानतिमिर" हा शब्द दोनदा. हिने दोन वेळा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळी मी भाषणात होतो. कन्या म्हणाली, "आई, राहू दे. बाबांवर पण आदरकाल चालू आहे."

२ मार्च, रविवार. सकाळ.
कोट घातला. डबा पुसून घेतला. ही स्वयंपाकघरात केकच्या मागे. आज कॅफेचा मालक स्वतः येऊन कायमची ऑर्डर देणार. दोन भाग्योदय एकाच दिवशी, एकाच यंत्रावर!

त्याच दिवशी. दुपार.
थोडक्यात नोंदवतो.

धाकटे साहेब आले. कॅफेचे मालकही आले. दोघांना फळीसमोर बसवले. फॅन, रेडिओ, ओव्हन, सर्व चालू. फक्त गीझर बंद होता. हिने बंद केलेला. तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही.

भाषण झाले. शेवटी मी म्हणालो, "या घरातील प्रत्येक किरण या यंत्राच्या कृपेने आहे. त्याच्याविना काय उरते, ते पाहा. अज्ञानतिमिर!" आणि विभाजकाला येणारी मुख्य वायर नाट्यमय रीतीने उपटली.

फॅन फिरत राहिला. रेडिओवर हवामानाचा अंदाज चालू राहिला. स्वयंपाकघरातून केकचा वास आला.

मी वायरचे दुसरे टोक शोधले. ते कशालाही जोडलेले नव्हते. पताकेसारखे हातात फडफडले.

धाकट्या साहेबांनी झाकणाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "गुरुजी, वाया जाणारी वीज मात्र खरंच शून्य आहे हं."

ही पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "त्या बुधवारीच वायरमनकडून काढून घेतलं हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून डबा तिथेच ठेवला. सांगायला जात होते, पण तुमचं अज्ञान संपेना. भाषणातलं."

मी विचारले, मग स्विच पडत का नाही? ही म्हणाली, "ओव्हन लावायच्या आधी गीझर बंद करते."

हे तत्त्व कोठेही नोंदणीकृत नसावे.

तेवढ्यात केक बाहेर आला. उंच, सोनेरी, मध्यभागी सपाट. कॅफेच्या मालकाने एक तुकडा खाल्ला आणि ऑर्डर पक्की केली. धाकट्या साहेबांनी तीन तुकडे खाल्ले. मग विचारले, "वहिनी, एवढं चांगलं करता, तर वीजभार वाढवून का घेत नाही?" ही म्हणाली, "अर्ज केलाय." साहेबांनी विचारले, "मग अडला कुठे?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. रेडिओनेसुद्धा त्याच क्षणी बोलणे थांबवले. फॅन तेवढा मान हलवीत होता.

३ मार्च, सोमवार.
धाकट्या साहेबांच्या तोंडी आदेशाने सौ.चा अर्ज आज क्रम डावलून मंजूर. मी शेरा मारला: 'नियमबाह्य'. मग खाली बारीक अक्षरात: 'परंतु केक चांगला होतो.' चाळीस-एक अर्जदार मागे राहिले. त्यांच्या बायकांना केक येत असेल का, हा विचार दिवसभर छळत होता. उद्यापासून सर्वांचे अर्ज भराभर हातावेगळे करण्याचा संकल्प. परवापासून, कारण मंगळवारी नव्या अर्जांची आवक जास्त असते.

संध्याकाळी घरी आलो तर ही गुणगुणत होती. मी कोणत्याही क्षणी डबा कचऱ्यात जाणार, या तयारीने मन घट्ट करून बसलो. ही डबा घेऊन समोर आली. म्हणाली, "अहो, हे परत जोडून द्याल का? फक्त स्वयंपाकघरातल्या एका दिव्याला. झाकण कोमट राहिलं की झालं. मोठ्या ऑर्डरचं पीठ फुगवायला दुसरं काही इतकं चांगलं नाही. खरंच सांगते."

खरंच सांगत होती. चेहऱ्यावरून कळते. तिच्या तोंडून इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या वस्तूबद्दल हे प्रथमच.

जोडून दिले. पातेले वर ठेवले. विभाजक स्वयंपाकघरात आजपासून सेवेत रुजू. यादी नव्याने केली. रुजू होण्याची तारीख आजची, त्यामुळे तो सर्वात शेवटी, ओव्हनच्याही खाली. परिवीक्षा कालावधी हिच्या मर्जीवर. नियम म्हणजे नियम.

पीठ फुगले आहे. माझ्याहून थोडे कमी.