दोष शेजारच्या वेल्डिंगचा

रविवार, २८ डिसेंबर
आज एक चांगलं काम हातून झालं. वर्कशॉपमागे नमाजाआधी वजू करायचे, हातपाय धुवायचे नळ आहेत. त्यांचं पाणी वाहत थेट मशीनच्या अर्थिंगच्या खड्ड्यात जायचं. गंजका रॉड, वर ग्रीसची घाण, आणि त्यात वजूचं पाणी. रोज पाहून मन खात होतं. हाज शौकत वर्कशॉपचे मालक खरे, पण अशा बाबतीत माझं ऐकतात. प्लंबर बोलावून ते पाणी पाइपने खजुरीच्या झाडाला सोडलं. खड्डा स्वतः झाडून कोरडा केला.
उद्यापासून कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी लेथवर पंपांचे शाफ्ट. हाजना या मशीनवर पुतण्याला बसवायचं होतं, नादरला. इंजिनिअर आहे. मी म्हटलं, गरज नाही, मी आहे.

गुरुवार, १ जानेवारी
मशीन मध्येच थांबलं. स्क्रीनवर अलार्म. पुन्हा चालू केलं तर टूल भलतीकडे सरकलं, शाफ्ट वाया. जेवणानंतर परत तेच.
पुस्तकात आहे की तारांमध्ये विजेचा नॉइज शिरला की असं होतं. म्हणजे मशीन आपलं सोडून दुसऱ्याच कोणाचं ऐकतं. कोणाचं, ते उघड आहे. भिंतीपलीकडे गिरगिस दिवसभर वेल्डिंग करतो.
संकल्प: रागवायचं नाही.

शनिवार, ३ जानेवारी
गिरगिसशी बोललो. शांतपणे, बहुतेक. तो म्हणाला, 'उस्ता, तुझ्या मशीनला शिंक आली तरी मीच का? रमजानपासून मी आणि ते मशीन शेजारी आहोत, आजच कसं रुसलं ते?' याला माझ्याकडे उत्तर होतं, पण जोहरच्या नमाजाची वेळ झाली.
शेवटी म्हणाला, 'बरं बाबा, मोठं काम संध्याकाळी करतो. तुझी ही लोखंडी नवरी झोपली की.' त्याची माणसं हसली. मी हसलो नाही. पण माणूस भला. चूक कबूल करायला मन लागतं.

बुधवार, ७ जानेवारी
आज गिरगिसचा ख्रिसमस, कॉप्टिक ख्रिस्त्यांचा सात तारखेला असतो. त्याचं दुकान बंद, वेल्डिंग बंद. मशीन दुपारपर्यंत चार वेळा थांबलं.
विचार केला. दिवसभर तापलेली भिंत रात्रीही गरम असते. वेल्डिंगची वीजही तशीच मुरून राहत असणार.
सकाळी तो घरची कह्क बिस्किटं देऊन गेला होता. खाल्ली. साखर जरा जास्त.

शनिवार, १० जानेवारी
केबलचा प्रश्न हातात घेतला. तारेवर जाळीचं वेष्टन असतं, नॉइज अडवायला. पुस्तक म्हणतं, जाळीचं एकच टोक अर्थला जोडा. पुस्तक लिहिणाऱ्याने म्हैस पाळलेली नसावी. आमच्या गावी एका दाव्याने बांधलेली म्हैस सकाळी दुसऱ्याच्या बरसीमच्या चाऱ्यात सापडते. दोन्ही टोकं घट्ट बांधली.
आता मशीन उभ्या जागी थरथरतं. बसायला वेळ लागेल.

सोमवार, १२ जानेवारी
घरातली अॅल्युमिनियम फॉइल नेली, केबलवर गुंडाळायला. इन्शिराहने विचारलं, 'मशीनमध्ये कबूतर भरून भाजणार आहात का?' लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिला तांत्रिक गोष्टी सांगता येत नाहीत.
फरक पडला. अलार्मचा नंबर बदलला.

गुरुवार, १५ जानेवारी
वाया गेलेले शाफ्ट कोपऱ्यात रचून ठेवले होते, वर कापड घालून. हाजनी कापड उचललं. एकेक शाफ्ट मोजला. मग म्हणाले, 'अबू रिदा, तू सज्जन माणूस आहेस, म्हणून मी गप्प होतो. शनिवारी नादर येतोय. त्याला दोष सापडला तर मशीन त्याचं, तू जुन्या लेथवर.'
मी म्हटलं, भिंतीत दोष आहे, भिंत पाडल्याशिवाय कोणाला सापडायचा नाही. जे होईल ते अल्लाहच्या मर्जीने. मला काही वाटलं नाही. जेवलो नाही, पण ते डबा गार झाला म्हणून.

शनिवार, १७ जानेवारी
नादर आला. वयाने लहान, पण मी आत शिरताच सलामाला उठला. जाळीचं एक टोक सोडलं. फॉइल काढून घडी करून माझ्या हातात दिली. मग मीटर घेऊन मागे गेला आणि खड्ड्यापाशी बसला.
म्हणाला, 'नॉइज या रॉडने जमिनीत जायला हवा. कोरडी रेती तो घेत नाही. इथे आधी ओल कुठून यायची?'
मी म्हटलं, खड्डा मी स्वतः साफ केलाय.
त्याने दोन बादल्या पाणी ओतलं, थोडं थांबून मशीन चालू केलं. असरच्या नमाजापर्यंत एकही अलार्म नाही. भिंतीपलीकडे गिरगिस मोठं काम करत होता.
हाजनी माझ्याकडे पाहिलं. मी वजूच्या पाण्याची बेअदबी कशी होत होती ते सांगितलं. ते स्वतः नमाजी, रागावणार कसे? इतकंच म्हणाले, 'म्हणजे पुण्य तुझं, भंगार माझं.'
खड्डा मी झाडून ठेवला होता, म्हणून नादरला कारण पटकन दिसलं. हे कोणी बोललं नाही.

मंगळवार, २० जानेवारी
मशीनची किल्ली नादरला दिली. जुन्या लेथवर बसलो. शाफ्टवर बसणारी एक पितळी बुश काढली, माप बरोबर आलं. हाज जवळून गेले, 'चांगलं आहे' म्हणाले. एरवी या दोन शब्दांवर मी इथे पानभर लिहिलं असतं.
दाराशी गिरगिस भेटला. त्याला सगळं कळलेलं होतं. थट्टा करेल म्हणून उभा राहिलो. त्याने फक्त विचारलं, 'चहा घेतलास का?' घेतला म्हटलं. घेतला नव्हता.
घरी इन्शिराहने विचारलं, 'आज काय झालं?'
काही नाही म्हटलं. ती भात वाढायला गेली. मी पुन्हा विचार केला. खरंच काही झालं नव्हतं.