ऑटोपायलटला पाय नसतात

प्रिय धाकट्या,

आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतायत ना? भावजयीची कंबर कशी आहे? थोरलीचा खोकला गेला का? आणि हो, विमानाची तब्येत काय म्हणते?

कॉम्प्युटरवर विमानं उडवणाऱ्या तुमच्या मंडळातल्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ पाहिला. कॉम्प्युटरवरचं विमान तुझ्या हातात होतं तोवर झकास सरळ चाललं होतं. मग ऑटोपायलट लावून तू ऐटीत हात डोक्यामागे घेतलेस, आणि त्यानं डावीकडे जी मान टाकली ती थेट डोंगराच्या दिशेनं! वारा असेल म्हणालास. अरे, वारा तर तूच बंद ठेवला होतास. मी इतका हसलो की चष्मा खाली पडला.

त्याआधीचं तुझं वाक्य ऐकलं तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. हे विमान मी एकट्यानं बनवलं, म्हणालास. अरे, पंखाच्या टोकापासून चाकापर्यंत पडद्यावर ते मी, तुझ्या दादानं, घडवलेलं, तुला हौसेनं उडवायला दिलेलं!

दुखणं कुठं आहे सांगू? माझा डावा पाय आखूड. विमान वळवायच्या पेडलवर उजवा जड पडतो आणि नाक उजवीकडे वळतं. म्हणून शेपटीच्या रडरला, म्हणजे सुकाणूला, मी कायमचा थोडा डावा कल देऊन ठेवलाय. माझ्या पायांखाली विमान सुतासारखं सरळ जातं. तुम्ही मंडळी नकळत उजवा पाय दाबून सांभाळून घेता. ऑटोपायलटला पाय नसतात रे.

गल्लीतल्या पोरांना हसवायला माझ्यामागे लंगडत चालायचास, आठवतं? आता सगळ्यांदेखत तुझं विमान लंगडतंय. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

काल तुमच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. विमानाचा दोष बघायला याल का, म्हणाल्या. दादाला यातलं थोडंफार कळतं, असं तूच त्यांना सांगितलंस म्हणे! थोडंफार! मी हो म्हटलंय. रविवारी येतो. सगळ्यांसमोर बूट काढून पेडलवर पाय ठेवीन, मग विमान कुणाच्या मापाचं आहे ते सांगावं लागणार नाही. त्याआधी तू स्वतः उभा राहून खरं बोललास, तर बूट पायातच राहतील. कल काढून देईन, आईला भेटेन आणि गुमान परत फिरेन. काय ते ठरव आणि उत्तर लवकर धाड. नवे मोजे घ्यायचे की जुनेच चालतील, ते मला त्यावरून ठरवायचंय.

तुझाच,
दादा