न घेतलेल्या मोटारी आणि एक बुक केलेली

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मी, दगडाबाई भ्र. कैलासवासी बलभीमराव वारे, वय साठीच्या आतबाहेर, धंदा शेती, राहणार भूम, तालुका भूम, जिल्हा उस्मानाबाद.

माझं डोकं ठिकाणावर आहे. पायांवर सूज आहे, ओसरीच्या पायऱ्या चढले तरी दम लागतो, आणि बार्शीच्या डॉक्टरांनी खडबडीत रस्त्याचा प्रवास कायमचा बंद म्हणून सांगितलं आहे. पण बुद्धीला काही झालेलं नाही. मला कुणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेलं नाही. माझ्यामागं राहणाऱ्यांत तंटा होऊ नये, म्हणून राजीखुशीनं हे सांगत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मी सांगते आणि रामकिसन अर्जनवीस लिहून घेतात. सांगेन तसं लिहायचं, गाळायचं नाही, हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतलं आहे.

कलम १. भूमचं राहतं घर, मागची बखळ, बाणगंगेकडची बागायत आणि माळाकडची जिरायत जमीन मालकांच्या पश्चात माझ्या नावावर आली. सन १९५६च्या कायद्यानं ती माझ्या पूर्ण मालकीची आहे. मला मूलबाळ नाही. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा बब्रुवान याचे आईबाप लागोपाठ वारले, तेव्हापासून तो माझ्यापाशीच वाढला. वरील सर्व मिळकत माझ्यामागं त्याची. विहिरीवरचं इंजन, बैल, औतं, गाडी हेही त्याचंच. उजव्या अंगाच्या बैलाला पुढून हात लावू नये, तो मारका नाही पण भितो.

कलम २. पुतळ्यांची माळ आणि पाटल्या बब्रुवानच्या बायकोला. तिनं त्या अंगावर घालाव्यात. ट्रंकेत ठेवून काही उपयोग होत नाही, हे माझ्याकडं बघून तिला कळलं असेलच.

कलम ३. बिराप्पा, राहणार आमच्याच गल्लीत, यांस माझ्या इस्टेटीतून काही नाही. द्यायचंच नव्हतं तर नाव कशाला, असं रामकिसन विचारतात. ज्या वर्षी मी जीप हाकली, त्या वर्षी भर आठवडी बाजारात यांनी म्हटलं, "आता बैलांनी घरात बसावं अन् बाईनं रस्त्यावर धावावं." सगळा बाजार हसला. मीही पदर तोंडाला लावून हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, म्हणून नाव लिहिलं.

कलम ४. आता मोटारीबद्दल.

माझ्या नावावर सोलापूरला एक फियाट गाडी बुक केलेली आहे. तिचा नंबर अजून लागलेला नाही. ती कुणाला द्यायची ते सांगण्याआधी मला पाठीमागचं सांगावं लागेल, नाहीतर माझ्यामागं लोक म्हणतील की म्हातारी भ्रमिष्ट झाली होती. रामकिसन म्हणतात, "बाई, एवढी हकिकत मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "बसत नसली तर उभी राहू द्या. लिहा."

पोलीस अॅक्शननंतरच्या सालात उस्मानाबादचे निजामाचे एक मोठे अंमलदार बायकामुलांसह मुलूख सोडून चालले होते. त्यांची काळी डॉज गाडी विकायची होती. तिच्यावर भूमचाच मकबूल ड्रायव्हर होता. तोच निरोप घेऊन आमच्याकडं आला. मालक मला घेऊन गाडी बघायला गेले. मी मागच्या सीटवर बसले. आत अत्तराचा वास होता. सीटच्या फटीत कुणा लेकराची चांदीची पैंजणाची घुंगरी अडकली होती. मी ती काढून अंमलदारांच्या बेगमांकडं आत पाठवून दिली. बाहेर आले तर मालक गाडीपासून लांब जाऊन उभे.

"घ्यायची न्हाय का?" मी विचारलं.

"गाडी लाखात एक हाय. पेट्रोल लई पिती, ते बी एक वेळ जमवलं असतं. पर लोक रडत रडत सोडून चाललेत. त्यांच्या हळहळीची वस्तू आपल्या दारात नको."

मला ते पटलं. आजही पटतं. पण परतताना बैलगाडीत मी सारखी मागं वळून बघत होते, हेही खरं आहे. मालकांनी मकबूलच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आपण दुसरी घेऊ. ड्रायव्हर तूच." मकबूल भूमलाच राहिला. आमच्या विहिरीवर इंजन बसवलं ते त्यानंच. त्याची बायको नसीमबी माझ्याकडं येऊ लागली, आणि पुढं पुढं आली नाही तर मीच तिच्याकडं जाऊ लागले.

चार वर्षांनी मालक गेले. विलायती मोटारींची आयात सरकारनं आवळली. मग जो तो सांगायचा, विलायती गाडी घ्याल तर एका नट-बोल्टासाठी मुंबईला माणूस धाडावा लागेल. अशात एका रस्त्याच्या ठेकेदाराची लष्करातून लिलावात घेतलेली जीप विकायला निघाली. सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला म्हणून ती मकबूलनं एक दिवस मागून आणली. येताना माळावर रस्ता मोकळा लागला, तशी नसीमबी म्हणाली, "अक्का, तुमी बसा की म्होरं. बघनारं कोन हाय?"

मी मकबूलच्या जागेवर बसले. त्यानं शेजारी बसून गिअर कसा टाकायचा, क्लच कसा सोडायचा ते सांगितलं. दोनदा इंजन बंद पडलं. तिसऱ्यांदा जीप चालली. मी ती एका कडुलिंबापासून दुसऱ्या गावच्या वेशीपर्यंत हाकली. वारा डोक्यावरचा पदर राहू देईना आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, तेव्हा पदर राहिला तसाच. नसीमबी मागून ओरडत होती, "अगं माय माय, अक्का, बैल हाय पुढं!" बैल आपणहून बाजूला झाला. जन्मात मी एवढी कधी हसले नाही.

तीही घेतली नाही. उघडी गाडी बाईमाणसाला बरी दिसत नाही, असं सगळे म्हणाले आणि मी मान डोलावली. त्यानंतर बाजारात काय झालं ते कलम ३ मध्ये आलं आहे.

मग सोलापूर. बब्रुवान तोपर्यंत कर्ता झाला होता. मी, तो आणि मकबूल मोटारी बघायला म्हणून तीनदा तरी गेलो असू. एका दुकानात अँबेसेडर, दुसऱ्यात फियाट, पुढं मद्रासची नवी हेरल्ड. मकबूलच्या तोंडाला तर मोटार दिसली की पाणी सुटायचं. तो म्हणायचा, "बाईसाब, अँबेसेडर म्हंजे खटल्याच्या घरची सासू. कितीबी माणसं घाला, कुरकुरंल पर नेईल. फियाट म्हंजे नवी नवरी. चाल बघा तिची!" बब्रुवानचं प्रत्येकीला उत्तर तयार असायचं. अँबेसेडर पुढाऱ्यांची, दारात उभी केली की गाव म्हणेल काकू इलेक्शनला उभ्या राहतात. फियाट आमच्या रस्त्याला नाजूक. हेरल्डला दारंच दोन, नऊवारी नेसून मागच्या सीटवर शिरायचं कसं, आणि नवी कंपनी, सामान मिळतं का न्हाय कोण जाणे.

दुकानातला माणूस म्हणाला, "बाई, बसून तर बघा." मी फियाटीत ड्रायव्हरच्या जागेवर बसले. तो घाईनं म्हणाला, "तिकडं ड्रायव्हर बसतो, आपण मागं." मकबूल त्याला म्हणाला, "बसू द्या हो. त्यांना चालवता येती." दुकानातली सगळी माणसं माझ्याकडं बघू लागली. मला एवढं बरं वाटलं, की मी तिथंच ठरवायला हवं होतं. पण मी उतरले आणि म्हणाले, "बघू पुढच्या सुगीला."

मला आणि नसीमबीला समुद्र बघायचा होता. दोघींनीही बघितलेला नव्हता. मोटार आली की आधी रत्नागिरीला जायचं, नसीमबीनं पुढं बसायचं, आणि घाट लागला की मी डोळे मिटून घ्यायचे, एवढं सगळं आमचं ठरलं होतं.

एक दिवस नसीमबी आली ती उंबऱ्यातच बसली. बार्शीच्या एका पेढीच्या लॉरीवर मकबूलला ड्रायव्हर म्हणून बोलावणं आलं होतं. मी म्हटलं, "या सुगीला मोटार नक्की घेते. राहा."

ती म्हणाली, "अक्का, मी तर मरंपत्तूर वाट बघीन. पर चूल वाट बघत न्हाय."

मग मीच म्हटलं, "जा." माझ्या पोटात काय होतं ते तिला दिसू नये म्हणून मी तांदूळ निवडायला घेतले. ते आधीच निवडलेले होते. तिनं ते ओळखलं.

दुसऱ्या वर्षी ती भेटायला आली. डाळीची पोती घेऊन मकबूलची लॉरी रत्नागिरीला गेली होती आणि ती त्याच्या शेजारी बसून गेली होती. माझ्यासाठी पदरात बांधून शिंपले आणले होते.

"कसा हाय गं?" मी विचारलं.

तिनं पदराची गाठ सोडून शिंपले माझ्यापुढं ठेवले. मग म्हणाली, "काय सांगू अक्का. नुसता येतो अन् जातो, येतो अन् जातो. पाणी तोंडात घालवत न्हाय. म्या काठावर उभी ऱ्हाऊन तुमाला हाक मारली. आमचं मालक म्हनले, येडी झाली का."

मला तिचा हेवा वाटला. राग आला. त्या दिवशी मी तिला चहा दिला, जेव म्हटलं नाही. त्याच महिन्यात मी बब्रुवानला न विचारता एसटीनं सोलापूरला गेले आणि फियाट बुक केली. दुकानदार म्हणाला, नंबर लागायला काही वर्षं जातील. जातील तर जातील, म्हटलं. ती वर्षं माझ्याजवळ आहेत असं तेव्हा वाटत होतं.

कलम ५. बब्रुवानबद्दल माझ्या मनात अढी होती. इस्टेट आपल्याकडं राहावी म्हणून हा मला मोटार घेऊ देत नाही, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले. ती अढी मी या कलमानं काढून टाकत आहे. कारण असं, की मागच्या महिन्यात माझे पाय चेपताना तो म्हणाला, "काकू, राग येऊ देऊ नगा. माझ्या मायला बैलगाडीत घालून बार्शीच्या दवाखान्यात नेलं, ती परत आली न्हाय. तवापासून दारात गाडी जुपली की मला भ्या वाटतं. मला वाटायचं, मोटार आली की तुमी बी जाल."

पेट्रोल महाग, रस्ता वाईट, सामान मिळत नाही, असं इतकी वर्षं मला सांगत होतं ते आई गमावलेलं पोर होतं. मी जाणार होते, हे खरं. पण परत आले असते. एवढं एक वाक्य मी त्याला कधी बोलले असते तर आम्हा दोघांचंही बरं झालं असतं.

कलम ६. सबब फियाट गाडीचा नंबर लागेल तेव्हा, मी असो वा नसो, बुकिंग रद्द करू नये. माझ्या पोस्टातल्या बचतीतून बब्रुवाननं राहिलेली किंमत भरून गाडी आणावी आणि मकबूल यास द्यावी. लॉरीवर आता त्याची पाठ चालत नाही. त्यानं ती बार्शी-भूम-येरमाळा भाड्यानं चालवावी नाहीतर घरी ठेवावी, त्याची मर्जी. सरकारी नियमानं जितकी मुदत नाव बदलता येत नाही तितकी मुदत गाडी बब्रुवानच्या नावावर राहील. ताबा मात्र पहिल्या दिवसापासून मकबूलचा.

हे सांगितल्यावर बब्रुवान म्हणाला, "काकू, घरची वस्तू बाहेर?" मी म्हटलं, "घरात येऊ दिली असतीस तर घरची झाली असती." तो खाली बघत हसला आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची हरकत नाही, असं त्यानं रामकिसन यांच्यासमोर सांगितलं आहे.

मकबूल "नको बाईसाब" म्हणेल. तेव्हा चावी नसीमबीच्या हातात द्यावी. ती नको म्हणत नाही.

कलम ७. नसीमबीला माझा पितळी चहाचा डबा आणि दोन्ही जरीची लुगडी. त्या दिवशी मी तिला जेव म्हटलं नाही, तर माझ्या दिवसांना तिला बोलावून पोटभर जेवू घालावं. मानानं, ओसरीवर नाही, आत.

कलम ८. या मृत्युपत्राचा अंमल बब्रुवाननं करावा. तो करील याची मला खात्री आहे.

कलम ९. माझ्या अंत्यविधीबद्दल. मला नदीवर चार माणसांच्या खांद्यावरून न्यावं. मोटार तोवर आली असली, तर बब्रुवानच्या मनाला लागेल आणि तो म्हणेल, काकूंना तिच्यातून नेऊ. नेऊ नये. मोटारीत माणूस बसतं ते खिडकीतून बाहेर बघायला. डोळे मिटल्यावर बैलगाडी काय आणि फियाट काय.

येणेप्रमाणे सांगितलं, रामकिसन यांनी मला दोनदा वाचून दाखवलं, माझ्या म्हणण्याबरहुकूम आहे. खालील सही माझी, माझ्या हातची, साक्षीदारांच्या देखत केलेली.

ठिकाण भूम. तारीख ९ मार्च १९६५, मंगळवार.

(सही) दगडाबाई भ्र. बलभीमराव वारे

आमच्यासमोर, लिहून ठेवणार शुद्धीवर असताना:
१. नागप्पा शिवलिंगप्पा, कापड दुकानदार, भूम (सही)
२. आयुब दादामियाँ, शिंपीकाम, भूम (सही)

लेखक: रामकिसन, अर्जनवीस, भूम. सांगितलं तसं लिहिलं, काही गाळलं नाही. (सही)