करंजखेडीच्या टाकीतली शिडी

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, मंठा,
जि. जालना.

विषय : मौजे करंजखेडी येथील पाण्याच्या टाकीतील गंजलेली शिडी बदलेपर्यंत पाणीपुरवठा कर्मचारी श्री. राजानंद मगरे यांना टाकीत न उतरवण्याबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायत करंजखेडी यांनी श्री. मगरे यांना दिलेली नोटीस, दि. ५ मे २०२५.

महोदय,

सविनय जय भीम. अर्जदार भावना राजानंद मगरे, रा. करंजखेडी, ही मंठ्याच्या एका विद्यालयात विज्ञान शिकवते. वरील कर्मचारी हे तिचे पती होत. अर्ज त्यांनी स्वतः करावा अशी तिची इच्छा होती; परंतु कागद पुढे ठेवला की ते उठून अंगणात जातात. सबब खालील हकीकत तिने सादर केली आहे.

१. गावची टाकी चार खांबांवर उभी आहे. वरच्या तोंडातून आत उतरण्यास साध्या लोखंडाची शिडी होती. टाकीत कायम ओल, त्यात पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीची वाफ. अशा जागी लोखंड फार लवकर गंजते. एक पायरी सुटली तेव्हा ती जळक्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेने बांधण्यात आली. लोखंड हे तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे. दोन्ही धातू ओलीत एकमेकांना भिडून राहिले, तर तांबे शाबूत राहते आणि लोखंड झिजत जाते. राजानंद यांनी सरपंच श्री. कडूबा यांना सांगितले होते, "शिडी हलून राह्यली, सरपंच. बदलून द्या." त्यावर चंदेरी रंगाचा डबा आला. गंज न खरवडता वरून रंग देण्यात आला. शिडी नव्यासारखी चमकू लागली आणि तक्रार मिटली असे समजण्यात आले.

२. एप्रिलमधील एका शनिवारी टाकी धुण्याचे काम होते. राजानंद यांनी आत उतरून गाळ खरवडला व तळाच्या व्हॉल्व्हमधून सोडून दिला. वर तोंडाशी ग्रामपंचायतीचे शिपाई धर्मराज बसले होते. काम उरकून राजानंद वर चढू लागले, तोच वरचे दोन्ही बोल्ट तुटले आणि शिडी त्यांच्यासकट खाली आली. त्यांचा उजवा खांदा निखळला.

३. अर्जदार सकाळची शाळा करून परतली तेव्हा टाकीखाली गाव जमले होते. दोर आणला गेला. परंतु धर्मराज व आणखी एक गृहस्थ ओढू लागताच तोंडाच्या काठाचा काँक्रीटचा ढलपा सुटून आत पडला. स्लॅबमधली सळई गंजून फुगली होती आणि तिनेच काँक्रीट फोडले होते. तेथे जास्त माणसांचा भार घालण्यास कोणी धजेना. एका हाताने दोर धरून चढणे राजानंद यांना जमेना. मदत निघाली आहे, असे सरपंच फोन कानाला लावून सांगत राहिले. उन्हाने टाकीची भट्टी झाली होती. पावडरीच्या वासाने राजानंद यांना लागलेला खोकला खाली ऐकू येत होता. मग तो कमी कमी होऊ लागला.

अर्जदार वर गेली. "अहो, एका हातानं पोहता येईल का?" असे तिने टाकीच्या तोंडातून वाकून विचारले. आतून उत्तर आले, "येईल. पण अंधार लई हाय गं." तिने धर्मराज यांना सांगितले, "भाऊ, खालचा व्हॉल्व्ह बंद करा अन् मोटार चालू करा." सरपंच खालून म्हणाले, "बुडाला तं जिम्मेदार कोण?" अर्जदाराने स्वतःचे नाव सांगितले.

रिकामा प्लास्टिकचा कॅन दोराला बांधून आत सोडला. पाणी चढू लागले. राजानंद यांचे पाय तळापासून सुटले आणि वीज गेली. आता खाली टेकता येईना आणि वरही पोहोचता येईना. कॅनवर एक हात टाकून ते तसेच राहिले. अर्जदार त्यांना हाका मारत होती. ओ देण्याचे बळ उरले नाही तेव्हा ते कॅनवर बोटे वाजवत होते. मधे एकदा तेही थांबले. तेव्हा तिने काय हाका मारल्या, हे तिला आज आठवत नाही.

ऊन कलल्यावर वीज आली. पाणी टाकीच्या तोंडाशी आले, तेव्हा तोंडावर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथे पडून धर्मराज यांनी त्यांना काखेत धरून बाहेर ओढले. तालुक्याची मदत त्यानंतर पोहोचली.

४. संदर्भीय नोटिशीत राजानंद यांच्यावर दोन ठपके आहेत : गावास गढूळ पाणी दिले (म्हणजे त्यांना वर काढण्यासाठी टाकीत भरलेले), आणि निष्काळजीपणे शिडी पाडली. दि. २४ मेपर्यंत टाकी पुन्हा न धुतल्यास कामावरून कमी करण्यात येईल, असेही त्यात नमूद आहे. तीच शिडी वेल्डिंग करून, वर चंदेरी रंग देऊन, परत लावलेली आहे. अर्जदार विचारण्यास गेली असता सरपंच म्हणाले, "रंग दिला ना ताई? आता काय सोन्याची करू?" सोने गंजत नाही हे खरे आहे. परंतु अर्जदाराची मागणी फक्त जस्ताची आहे. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असल्याने आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. जालन्यात जस्ताचा थर दिलेली शिडी सहज मिळते.

५. राजानंद यांचा खांदा बसवला आहे, पण हात डोक्याच्या वर जात नाही. घराचे दार लावले की त्यांना घाम फुटतो. तरीही रोज ते टाकीखाली जाऊन व्हॉल्व्ह सोडतात, कारण गावाला पाणी लागते. टाकी धुऊ नये असे अर्जदाराचे म्हणणे नाही. ते पाणी तिच्याही घरात येते. आधी शिडी बदलावी, तोंडाचा स्लॅब तपासून घ्यावा आणि तोवर कोणासही आत उतरवू नये, एवढीच विनंती आहे.

राजानंद यांनी मात्र मनाशी ठरवलेले दिसते. परवा जेवताना ते म्हणाले, "आता रस्ता माहीत झालाय. शिडी पडली तं तू मोटार लाव." एवढे बोलून भाकरी तशीच ठेवून ते उठले.

महोदय, २४ मे रोजी वीज राहील की नाही, हे अर्जदारास कोणीही सांगू शकलेले नाही. आपला आदेश त्यापूर्वी व्हावा.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
भावना राजानंद मगरे
करंजखेडी, ता. मंठा
दि. १३ मे २०२५

सोबत : नोटिशीची प्रत, खांद्याबाबत डॉक्टरांचा दाखला, तुटलेला एक बोल्ट, कागदात गुंडाळून (हाताळताना भुगा सांडतो).